दगडातल्या भेगा आणि भूकंपाची दुसरी लहर

मालेगावात बोअर मारायची ठरली की खरा प्रश्न भेगेचा असतो. वाशीम जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही मालेगाव जहांगीर, दख्खनच्या काळ्या कातळावर वसलेलं आहे. वर काळी माती, खाली मुरूम, मग कुठे मांजऱ्या, कुठे तांबडा गेरू आणि त्याखाली काळा पाषाण. हा पाषाण वाळूसारखा सच्छिद्र नाही. त्यात पाणी राहतं ते दोन लाव्हाथरांच्या सांध्यात, नाही तर भेगांत. म्हणून एकाच्या बोअरला दीडशे फुटांवर दोन इंची पाणी लागतं आणि बांधापलीकडच्या शेतात गाडी तीनशे फूट गेली तरी नुसती करडी भुकटी वर येते. नशीब, असं म्हणून माणसं पैसे मोजतात.

नशिबाचा भाग थोडा भूमितीचाही आहे. काळ्या पाषाणातल्या पुष्कळ भेगा उभ्या असतात. लाव्हा थंड होताना आक्रसला तेव्हाच त्या पडल्या. बोअरही उभीच. उभी बोअर आणि उभी भेग शेजारी-शेजारी शंभर फूट खाली जाऊ शकतात आणि त्यांची गाठ पडेलच असं नाही. पाणाड्या नारळ किंवा दुबेळक्याची फांदी घेऊन शेतात फिरतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे लोक जमिनीत विजेचा प्रवाह सोडून तिचा विद्युतरोध मोजतात. पहिल्याच्या पद्धतीला आधार नाही, दुसऱ्याच्या पद्धतीला आहे. पण तिचीही नजर काहीशे फुटांपर्यंतच जाते.

त्याच्याही खाली, पाच-दहा किलोमीटरवर, जिथे भूकंप जन्माला येतात तिथल्या भेगा कोणी पाहायच्या? तिथे बोअर नेणं जवळजवळ अशक्य आणि वीजही तितक्या खोलवरून नेमकी बातमी आणत नाही. मात्र तिथूनच निघून वर येणारी एक गोष्ट आहे, भूकंपाची लहर. वाटेतल्या खडकाच्या खुणा अंगावर घेऊनच ती वर येते.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात कळमनुरीच्या बाजूला ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. हिंगोली, नांदेड, परभणीबरोबर वाशीम जिल्ह्यातही तो जाणवला. १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ चाच धक्का, पुन्हा त्याच पट्ट्यात. मालेगाव तिथून ऐंशी-नव्वद किलोमीटर. एवढ्या अंतरावर एका भूकंपाच्या दोन लहरी दोन वेगळ्या वेळी पोचतात. पहिली पी लहर. ती खडकाला तिच्या वाटेच्याच दिशेने दाबते, सोडते, दाबते. कठीण खडकात तिचा वेग सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर. दुसरी एस लहर, सेकंदाला साडेतीन किलोमीटर, म्हणजे मालेगावात दहा-अकरा सेकंद उशिरा. ती खडकाला वाटेच्या आडवं हलवते. सपाट रस्त्याने पूर्वेकडे जाणारी एस लहर खडकाला उत्तर-दक्षिण हलवेल किंवा वर-खाली, पण पूर्व-पश्चिम नाही. घराला आडवा हेलकावा देते ती बहुतेक हीच, आणि भिंती पाडते तीही हीच.

या आडवेपणातच आपल्या प्रकरणाची किल्ली आहे. पी लहरीला हलण्याची एकच दिशा असते. खालून सरळ वर येणाऱ्या एस लहरीपुढे मात्र आडव्या पातळीतल्या सगळ्या दिशा मोकळ्या असतात. खडक सगळीकडून सारखा असेल तर कुठल्याही दिशेने हलली तरी तिचा वेग तोच. खडकात उभ्या भेगा एकाच दिशेने रांगेत असतील तर मात्र तसं राहत नाही.

जाड दोनशेपानी वही टेबलावर उभी धरा. वरची कड पानांच्या दिशेने, म्हणजे कण्याकडून मोकळ्या कडेकडे ढकलून पाहा. वही हटत नाही. आता तीच कड पानांच्या आडवी, मुखपृष्ठाकडून मलपृष्ठाकडे ढकला. पानं एकमेकांवरून सरकतात आणि वही सहज कलते. उभ्या भेगांच्या खडकाचं हेच होतं. भेगांच्या समांतर हलणाऱ्या लहरीला खडक ताठ लागतो, म्हणून ती वेगाने जाते. भेगांना आडवी हलणारी लहर भेगांच्या दोन्ही कडा एकमेकींवर घसरवते. तिला तोच खडक लिबलिबीत लागतो आणि ती मागे पडते. खालून निघालेली लहर तिरपी हलत असेल, तर भेगाळ खडकात शिरताच तिचे दोन भाग होतात. एक भेगांना समांतर, दुसरा त्याला काटकोनात. दोघे वाट तीच धरतात, पण वर पोचतात मागेपुढे.

म्हणजे वर बसून दोनच गोष्टी मोजायच्या. आधी आलेला भाग कुठल्या दिशेने हलत होता, ही भेगांची दिशा. दुसरा किती उशिरा आला, यावरून भेगा किती दाट आहेत त्याचा अंदाज. यालाच भूकंपशास्त्रात एस लहरीचं विभाजन म्हणतात.

प्रकाशाच्या बाबतीत ही गोष्ट साडेतीनशे वर्षं माहीत आहे. डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिन याने १६६९ मध्ये आइसलँडहून आलेल्या कॅल्साइटच्या स्वच्छ स्फटिकाबद्दल लिहिलं, की त्यातून पाहिलं की एका अक्षराची दोन दिसतात. स्फटिकात शिरलेला किरण दोन भागांत फुटतो, दोघांचे वेग वेगळे. हा कॅल्साइट पाहायला आइसलँडला जायला नको. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोट्या आणि झिओलाइटच्या सोबतीला तो कितीदा तरी सापडतो. विहीर खणताना, रस्त्यासाठी डोंगर कापताना बाहेर येतो आणि गिट्टीत जातो. खडकाच्या एवढ्या मोठ्या ठोकळ्यातून भूकंपाची लहरही अशीच फुटत असेल, हे मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत कोणी नीट मोजलं नव्हतं. एडिंबरोचे स्टुअर्ट क्रॅम्पिन आणि त्यांचे सहकारी तुर्कस्तानात उत्तर अॅनाटोलियन प्रस्तरभंगाजवळ, म्हणजे खडकाचे दोन भाग जिच्यावर सरकतात अशा मोठ्या भेगेजवळ, यंत्रं लावून बसले आणि १९८० मध्ये त्यांनी बारीक भूकंपांच्या नोंदींत हे विभाजन दाखवलं. पुढे तेलकंपन्यांनी ते उचललं, कारण कित्येक तेलसाठेही बोअरच्या पाण्यासारखे भेगांतच असतात. भूगर्भातल्या वाफेवर वीज करणाऱ्यांनाही ते उपयोगी पडलं.

महाराष्ट्रात हा अभ्यास करायला कोयनेइतकी सोयीची जागा नाही. सोयीची म्हणताना जीभ अडखळते, पण शास्त्राच्या दृष्टीने ते खरं आहे. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे १९६२ पासून शिवाजीसागर भरू लागला आणि जमीन कुरकुरू लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपांत जगात आजवर याहून मोठा नोंदलेला नाही. पुढे १९८५ पासून वारणेचं धरण भरलं, तेव्हा हालचाल दक्षिणेकडेही सरकली. साधारण २० किलोमीटर रुंद आणि ३० किलोमीटर लांब अशा पट्ट्यात साठ वर्षं धक्के बसत आहेत, बहुतेक १० किलोमीटरच्या आतल्या खोलीवर. छोटे धक्के भरपूर, खोली कमी, जागा ठरलेली. एस लहरीच्या अभ्यासकाला आणखी काय हवं असतं?

अशी एक नोंद जवळून पाहू. आकडे समजण्यापुरते सोपे घेतले आहेत. यंत्राच्या जवळजवळ खाली, पाच किलोमीटर खोलीवर २ तीव्रतेचा धक्का बसला. वरच्या गावात कोणाला कळलंही नाही. यंत्र तीन रेघा काढतं: वर-खाली, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. सेकंदाला शंभर वेळा प्रत्येक रेघेचा आकडा नोंदतं. आधी वर-खालीची रेघ उसळते, ती पी. तिच्यानंतर साधारण ०.६ सेकंदाने उत्तर-दक्षिण रेघ उसळते, एस आली. पूर्व-पश्चिम रेघ अजून शांतच आहे. एक आकडा, दोन, तीन, आणि मग तीही हलते. तीन आकडे म्हणजे ०.०३ सेकंद. पाच किलोमीटर चढायला एस लहरीला सुमारे १.४३ सेकंद लागले, त्यात ०.०३ चा फरक, म्हणजे दोन टक्के. या दोन टक्क्यांत भेगांची सगळी बातमी आहे.

नुसत्या रेघा पाहून डोळा फसतो, म्हणून आलेखाचा कागद घेतात. उभ्या अक्षावर उत्तर-दक्षिण, आडव्यावर पूर्व-पश्चिम. प्रत्येक क्षणाचा ठिपका मांडत गेलं की यंत्राखालची जमीन कशी फिरली ते दिसतं. ठिपका आधी सरळ उत्तरेकडे निघतो आणि तीन पावलांनी वळून लंबगोल घिरट्या घालू लागतो. ते वळण म्हणजे दुसऱ्या भागाचं आगमन. आता पूर्व-पश्चिमेची सगळी नोंद तीन आकड्यांनी मागे सरकवा. घिरट्या मिटतात आणि ठिपका एकाच तिरप्या रेषेवर पुढे-मागे जाऊ लागतो. खडकाने दोन भाग करण्याआधी लहर ज्या दिशेने हलत होती, ती ही रेषा. खऱ्या नोंदीत भेगा इतक्या शहाण्यासारख्या उत्तर-दक्षिण नसतात. मग संगणक अक्ष थोडेथोडे फिरवत आणि नोंद थोडीथोडी सरकवत हजारो जोड्या तपासतो आणि ज्या जोडीला घिरट्या सगळ्यात जास्त मिटतात ती धरतो.

पण भेगा एका दिशेने रांगेत का असाव्यात? खडकावर वरून वजन असतंच, बाजूंनीही दाब असतो आणि तो सगळीकडून सारखा नसतो. भारताचा सगळा तुकडा उत्तरेकडे सरकत हिमालयाच्या मुळाशी रेटतो आहे. त्यामुळे आपल्याकडे आडवा दाब ढोबळ मानाने उत्तर ते ईशान्य या अंगाला जास्त. या दाबाला आडव्या पडलेल्या भेगा मिटतात, त्याच्या दिशेने गेलेल्या उघड्या राहतात. म्हणून पहिल्या एस भागाची दिशा पुष्कळदा त्या जागच्या मोठ्या दाबाची दिशा सांगते. पुढचा भूकंप कुठल्या जुन्या प्रस्तरभंगावर सरकेल हे समजायला ही दिशा लागते.

‘पुष्कळदा’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. यंत्र मोठ्या प्रस्तरभंगाच्या अगदी काठावर असेल तर तिथला खडक त्या भंगाच्या दिशेनेच चिरफळलेला असतो आणि लहर दाबाऐवजी भंगाची दिशा सांगते. जुन्या ग्रॅनाइट-नाइसमध्ये खनिजांचेही पट्टे असतात. तेही लहर फोडतात. कोयनेसारख्या जागी जवळजवळच्या दोन यंत्रांवर वेगळ्या दिशा आल्या तर एक चुकलं असं धरायचं नसतं. एक दाबाबद्दल बोलत असेल, दुसरं जागच्या बांधणीबद्दल. कुठलं कशाबद्दल बोलतं हे ठरवण्यात या विषयाची बरीच शाई खर्ची पडली आहे आणि माझ्या मते ती योग्यच खर्ची पडली आहे.

कोयनेत एक मोठी सोय पुढे झाली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने या पट्ट्यात दीड-दीड किलोमीटर खोलीची विवरं घेतली गेली. रासाटीजवळच्या विवरात सुमारे ९३० मीटर काळा पाषाण लागला आणि त्याच्याखाली थेट अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइट. पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा. मधल्या काळाचा गाळाचा थर तिथे मिळालाच नाही. मग पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी केली आणि २०१६-१७ मध्ये गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल विवर घेतलं. तिथे पाषाण सुमारे साडेबाराशे मीटर. अशा विवरांत भूकंपमापक उतरवण्याचे दोन फायदे. वरचा वारा, पाऊस, ट्रक, पंप यांचा गोंगाट खाली पोचत नाही. आणि लहर काळ्या पाषाणाच्या थरांत शिरण्याआधीच टिपता येते. तीच लहर पुढे जमिनीवरच्या यंत्रानेही टिपली तर फरक कुठे पडला, ग्रॅनाइटमध्ये की पाषाणात, हे वेगळं करता येतं. शिवाय विवराच्या भिंतीचं चित्रण करून भेगा प्रत्यक्ष मोजता येतात. लहरीने सांगितलेली दिशा खरी की खोटी, याची साक्ष दगडच देतो.

आता मालेगावचा शेतकरी विचारेल: मग याने माझी बोअर कुठे मारायची ते कळेल का? नाही. सेकंदाला दहा हेलकावे खाणाऱ्या एस लहरीची लांबी साडेतीनशे मीटर, म्हणजे अकराशे फुटांहून जास्त. तिला एकेक भेग दिसत नाही. केसाएवढ्या हजारो भेगांची मिळून सरासरी कळते. सहा इंची बोअरसाठी ती सरासरी कुचकामी आहे. तिथे भूजल यंत्रणेचं मोजमाप आणि शेजारच्या विहिरींची माहितीच कामाची. भूकंपलहरीच्या नावाखाली पाणी दाखवतो म्हणणारा कोणी आलाच तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

दुसरा प्रश्न जास्त गंभीर. मोठ्या भूकंपाआधी दाब वाढतो, तर भेगांची ठेवण बदलेल आणि दोन भागांतला उशीरही बदलेल. मग तो पाहून आधीच इशारा देता येईल का? क्रॅम्पिन यांचं म्हणणं, येईल. १९९८ मध्ये नैर्ऋत्य आइसलँडच्या नोंदींत त्यांना हा उशीर वाढत गेलेला दिसला. १० नोव्हेंबरला त्यांनी तिथल्या हवामान खात्याला कळवलं, की लवकरच ५ च्या आसपासचा भूकंप व्हावा, किंवा दाब आणखी साचत राहिला तर काही महिन्यांत त्याहून मोठा. १३ नोव्हेंबरला ५ तीव्रतेचा भूकंप झाला. ही गोष्ट फार ठिकाणी सांगितली जाते. पण एका बरोबर आलेल्या अंदाजाने पद्धत सिद्ध होत नाही. एकाच जागी, एकाच दिवशी, दोन धक्क्यांच्या उशिरांत एरवीही मोठा फरक पडतो आणि त्या गोंधळातून खरी वाढ ओळखणं कठीण जातं. जगातली कुठलीही यंत्रणा आज या मोजमापावरून भूकंपाचं भाकीत देत नाही. किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर महाराष्ट्रात भाकितांच्या अफवांचा सुकाळ झाला होता. म्हणून त्याआधीचं वाक्य ठळक लक्षात ठेवावं.

मग हिंगोली-वाशीमकडे याचा उपयोग काय? तिथे गेली काही वर्षं जमीन गप्प नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांतले लोक जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांबद्दल कितीदा तरी सांगत आले आहेत. त्याआधी २००६-०७ च्या सुमारास नांदेड शहराने बारीक धक्क्यांची मालिकाच अनुभवली. तिथे दाब कुठल्या दिशेने आहे, खडक कुठे जास्त चिरफळलेला आहे, हे एस लहरी सांगू शकतील. पण एका अटीवर. लहर यंत्राखाली जवळजवळ सरळ उभी यायला हवी. उभ्या रेषेशी ३५ अंशांपेक्षा जास्त कललेली एस लहर जमिनीच्या पृष्ठभागावर आपटून इतकी विस्कटते की भेगांनी केलेला फरक आणि पृष्ठभागाने केलेला फरक वेगळा करता येत नाही. हिशोब सोपा आहे. पाच किलोमीटर खोलीच्या धक्क्यासाठी यंत्र साडेतीन किलोमीटरच्या आत हवं, दहा किलोमीटर खोलीच्या धक्क्यासाठी सातच्या आत. नव्वद किलोमीटरवरच्या मालेगावात कितीही महागडं यंत्र ठेवलं तरी कळमनुरीच्या खालच्या भेगा त्याला अशा दिसणार नाहीत.

म्हणजे यंत्रं गावागावांत लागतात, धक्क्यांच्या अगदी डोक्यावर. धक्के सुरू झाले की संशोधन संस्था अशी फिरती यंत्रं घेऊन येतात आणि शाळेची एखादी खोली, ग्रामपंचायतीचा कोपरा, शेतातला आखाडा मागतात. तुमच्या गावात मागितला तर द्या. यंत्राच्या आसपास पाण्याची मोटर चालवू नका, जनावरं बांधू नका, आणि मोबाइल चार्ज करायला त्याची वायर काढू नका.